शेनिनचा पेला आणि चिंचगुळाची आमटी

निकाल आधीच सांगते. गोडा मसाला, चिंच आणि गूळ घातलेल्या आपल्या रोजच्या जेवणाशी नाशिकची शेनिन ब्लाँ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, जशी जुळते तशी दुसरी कुठलीही वाइन जुळत नाही. हे ठरवायला मला एक अख्खं वर्ष लागलं. गेल्या जानेवारीत सुरुवात केली. महिन्याला दोन, क्वचित तीन बाटल्या, आणि त्यांच्यासोबत त्या त्या ऋतूत आमच्या घरी जे शिजतं तेच. चीज नाही, ऑलिव्ह नाही, पास्ता नाही. वाइनसाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही एवढा एकच नियम मी घातला होता, आणि तो वर्षभर पाळला.

मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. नवरा मालवणचा, त्यामुळे फडताळात आमसुलं आणि तिरफळं कायमची. सासूबाई चातुर्मास कडक पाळतात. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात घाटावरचं आणि कोकणातलं दोन्ही चालतं, आणि पंचांगाप्रमाणे ताटातल्या वस्तू बदलत जातात. वाइन चाखायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आमच्याकडे द्राक्ष म्हटलं की थॉमसन. लांबट, बिनबियांचं, पातळ सालीचं. वाइनचं द्राक्ष बघितलं तर पहिल्यांदा कुणालाही वाटेल की बाग बिघडली आहे: मणी बारीक, साल जाड, आत बी. थॉमसनचे घड मणी फुगावेत म्हणून जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या, पाण्यात बुडवावे लागतात. वाइनच्या द्राक्षाला फुगवण नको असते. रंग आणि वास बराचसा सालीत असतो, आणि मणी जितका लहान तितकी रसाच्या मानानं साल जास्त. छाटण्या मात्र दोन्हीकडे त्याच. एप्रिलमध्ये नवी काडी धरायला खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणी. युरोपात द्राक्ष उन्हाळ्याच्या शेवटी पिकतं. आमच्याकडे ते थंडी सरताना पिकतं. दिवसा ऊन, रात्री गारठा. त्या गारठ्यामुळे साखर चढत असतानाही मण्यातला आंबटपणा टिकून राहतो, आणि नाशिकच्या पांढऱ्या वाइनची जी काही चांगली बाजू आहे ती बरीचशी या रात्रींमुळे आहे. निफाडात याच रात्री पारा फार खाली गेला तर मणी तडकतात, म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात. लहानपणी त्या धुराच्या वासात मी झोपलेली आहे.

1997 मध्ये राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळ सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांच्या वेली लावल्या. 2000 मध्ये त्यांच्या सुला या वायनरीची पहिली वाइन आली. सुला हे नाव त्यांच्या आईच्या, सुलभाताईंच्या नावावरून. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि आमच्या भागातले कितीतरी शेतकरी करारावर वाइनची द्राक्षं लावू लागले. माझ्या वडिलांनी, अण्णांनीही अर्धा एकर शेनिन लावली. अण्णा माळकरी, वारी न चुकवणारे. त्यांना कुणीतरी विचारलं होतं, तुळशीची माळ घालून दारूची द्राक्षं कशी लावता. ते म्हणाले, "वेल लावतोय. वेलीला काय पाप?" चार-पाच वर्षं माल गेला, पैसे आले. मग 2008 नंतरच्या मंदीत ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलणं थांबवलं. त्या वर्षी घड वेलीवरच वाळले. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या कात्र्या बाजूला ठेवून अण्णांनी आणि दादानं त्या वेली बुडापासून काढल्या. मी तेव्हा तिथे होते. अण्णा दिवसभर एक शब्द बोलले नाहीत.

त्यामुळे शेनिनबद्दल मी तटस्थ नाही हे वाचणाऱ्यानं ध्यानात घ्यावं. तरीही चव घेताना जे लिहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

जानेवारी म्हणजे आमच्याकडे भोगीची भाजी. भोगीच्या दिवशी घरात बाटली उघडत नाही, पण ही भाजी आम्ही महिनाभर करत राहतो, कारण सोलाणे, पावटा, गाजर, वांगी, बोरं सगळं एकाच वेळी बाजारात असतं. तिळाचं आणि शेंगदाण्याचं कूट, गोडा मसाला, चिंच, गूळ. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. पहिल्या दिवशी मी सुलाचीच सोव्हिन्यॉन ब्लाँ उघडली होती, कारण सगळे तिचंच कौतुक करतात. नुसती प्यायला ती छानच आहे: कापलेलं गवत, हिरवी ढोबळी मिरची, टोकाला लिंबू. भाजीचा घास घेतला आणि वाइन एकदम पातळ आणि नुसती आंबट लागायला लागली. भाजीतल्या गुळानं तिची होती नव्हती ती गोडी खाऊन टाकली. दोन दिवसांनी तीच भाजी पुन्हा केली आणि सुलाची शेनिन ब्लाँ उघडली.

पेला नाकाशी नेला की पिकलेला पेरू, मागून अननस. जिभेवर आधी किंचित गोडी, तिच्या पाठोपाठ आंबटपणा. भाजीचा घास, भाकरीचा तुकडा, वर लोणी, मग घोट. काहीच एकमेकांना ढकलत नव्हतं. भाजीतली गोडी आणि वाइनमधली गोडी साधारण एका पातळीवर, भाजीतला आंबटपणा आणि वाइनमधला आंबटपणा एका जातीचा. हे शेवटचं मी अलंकारानं म्हणत नाही. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. द्राक्षातलं मुख्य आम्लही तेच, टार्टारिक. इतक्या झाडांच्या फळांत सायट्रिक आणि मॅलिक आम्लं असतात, पण टार्टारिक एवढ्या प्रमाणात असणारी नेहमीच्या खाण्यातली फळं फार थोडी. वीस वर्षं मी मुलांना हे शिकवते आहे, आणि चिंच व द्राक्ष एका ताटाशी आणायचं मला त्या रात्रीपर्यंत सुचलं नव्हतं. कधी वाइनच्या बाटलीच्या तळाशी साखरेसारखे बारीक खडे दिसतात, लोक घाबरून बाटली परत करतात. ते याच आम्लाचे क्षार आहेत, थंडीत खाली बसलेले. खुशाल प्यावी.

त्यानंतर मी शेनिन चिंचगुळाच्या प्रत्येक पदार्थासोबत लावून पाहिली. साध्या वरणाची आमटी, अळूचं फदफदं, भरली वांगी, मसालेभात. अळूच्या फदफद्यासोबत सर्वांत चांगली. त्यातले शेंगदाणे, खोबरं आणि मुळ्याचा उग्रपणा सगळ्याला ती सांभाळून घेते. मसालेभातावर तूप सढळ हवं. यॉर्कचीही शेनिन घेतली. यॉर्क ही वायनरी गंगापूर धरणाच्या काठी आहे, 2021 पासून सुलाकडेच आहे. तिथे संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून बसता येतं हे एक वेगळं सुख. ती शेनिन मला जरा कोरडी, म्हणजे कमी गोड, वाटली आणि चिंचगुळापेक्षा ताकाच्या कढीसोबत जास्त आवडली. कढी आणि वाइन ऐकायला विचित्र वाटतं. आल्याची, कढीपत्त्याची, पातळ, कोमट कढी आणि मुगाची खिचडी असेल तर करून पाहा.

आपल्या ताटाची एक अडचण आहे आणि ती बाटली उघडण्याआधी सोडवावी लागते. आपल्याकडे सगळं एकदम वाढलं जातं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, आमटी. एक वाइन या सगळ्यांशी जुळणं शक्य नाही. मी लोणचं आणि ठेचा त्या रात्री ताटात घेत नाही. लोणच्याचं मीठ आणि मोहरी यांच्यापुढे कुठलीच वाइन उभी राहत नाही. ठेच्याचं कारण वेगळं: मद्यार्कानं मिरचीचा जाळ वाढतो. म्हणून झणझणीत मिसळीसोबत लाल वाइन पिऊन तोंड पोळल्याची तक्रार करणाऱ्यांना मी सांगते, मिसळीसोबत ताक प्या. कोशिंबीर दह्यातली असेल तर राहू द्यावी.

पेल्याचंही सांगते. स्टीलच्या पेल्यात वास कोंडत नाही, धातूचा वास मात्र येतो. काचेचा, पोट रुंद आणि तोंड अरुंद असा साधा पेला पुरतो. पांढरी वाइन फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटांनी ओतावी. फार गार असली तर पेरूचा वास येतच नाही. लाल वाइन साध्या तापमानाला प्यावी असं म्हणतात, पण ते थंड देशांतलं साधं तापमान. आमच्याकडे एप्रिलमध्ये घरात तीस-बत्तीस अंश असतात. तेव्हा लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते, मग ती जिभेला नुसत्या दारूसारखी जळजळीत लागत नाही.

खरेदीत एकदा फसले. शहरातल्या एका दुकानातून मे महिन्यात एक चांगली, महाग लाल वाइन घेतली. बाटल्या काचेच्या दर्शनी कपाटात उभ्या, दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर. मला तेव्हाच परत फिरायला हवं होतं. घरी उघडली तर फळाचा वास गेलेला, शिजवलेल्या मनुकांसारखी चव. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, वाइन जुनी झाली की अशीच लागते. तसं अजिबात नसतं. उन्हात ठेवलेली वाइन शिजते. तेव्हापासून शक्यतो थेट वायनरीतून आणते, आणि पांढरी वाइन घेताना लेबलवरचं वर्ष बघते. शेनिन आणि सोव्हिन्यॉन ताज्याच चांगल्या, एक-दोन वर्षांच्या. साठवून ठेवण्यात काही मिळत नाही.

फेब्रुवारीत अण्णा डोळे तपासायला आमच्याकडे आले होते. रात्री जेवताना मी आणि नवरा पेले घेऊन बसलो. मला संकोच वाटत होता, पण अण्णांनीच विचारलं, "ही शेनिनच का?" मी हो म्हटलं. म्हणाले, "जरा आण इकडं." मला वाटलं बाटली बघायची असेल. त्यांनी पेला हातात घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटून बराच वेळ तसाच धरला. "तोडणीच्या वेळी क्रेटमधनं असाच वास यायचा ताई. पिकल्या पेरवाचा. थॉमसनला हा वास नाही." मग पेला माझ्याकडे दिला आणि आमटी ओरपायला लागले. वाइनच्या चवीबद्दल मी आजवर जे काही वाचलं त्यात पेरूचा उल्लेख पुष्कळदा आहे. एक थेंबही न चाखता अण्णांनी तो ओळखला, कारण त्यांनी तो पिकवला होता.

लाल वाइनकडे येते. धुळवडीला आमच्याकडे मटण. काळा मसाला, भाजलेला कांदा-खोबरं, वर तेलाचा तवंग, बाजरीची भाकरी चुरून. याच्यासोबत सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ उघडली. ही ओकच्या पिंपात मुरवलेली, गडद जांभळी, जांभळाचा आणि काळ्या मिरीचा वास. शिराझमधला मिरीचा वास हाही नुसता भास नसतो: रोटुंडोन नावाचं जे द्रव्य काळ्या मिरीला वास देतं तेच शिराझच्या सालीत असतं. काळ्या मसाल्यात मिरी, लवंग, दगडफूल असतंच. रश्श्यातली चरबी वाइनचा तुरटपणा बोथट करते आणि वाइनचा तुरटपणा जिभेवरचा तवंग धुऊन नेतो. मटण मात्र बेतानं तिखट करावं लागलं. सासूबाईंच्या भाषेत "पाहुण्यांचं मटण". नेहमीच्या तिखटाला ती वाइन कडू लागली असती. यॉर्कची अरोस पुढच्या रविवारी त्याच पद्धतीच्या मटणासोबत घेतली. शिराझ आणि कॅबर्ने या दोन लाल वाइनच्या द्राक्षांचं मिश्रण, जास्त भारदस्त, जास्त तुरट. मला शिराझ आवडली, नवऱ्याला अरोस. त्याचं म्हणणं असं की नळी चोखताना अरोसच हवी. त्याच्या बाजूनं बोलायचं तर नळीतल्या मगजापुढे तुरटपणा खरंच विरघळून जातो.

धुळवडीच्याच रात्री आदल्या दिवशीची पुरणपोळी होती. शिळी पुरणपोळी, तव्यावर तुपात कडक केलेली. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन छोट्या बाटलीत मिळते. द्राक्ष वेलीवर जास्त दिवस ठेवून, रस आटून साखर दाटू देऊन केलेली. गोड पदार्थासोबतची वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. हा नियम मला पुरणपोळीनं शिकवला. मऊ, ताज्या पोळीसोबत वाइन हरली. कडक केलेल्या पोळीचा करपट खमंगपणा आणि वेलदोडा यांच्यासोबत जिंकली. मधाचा आणि वाळलेल्या जर्दाळूचा वास येतो तिला. दोन घोटांहून जास्त कुणी पिऊ शकत नाही आणि पिऊ नये.

चैत्रात सोव्हिन्यॉन ब्लाँनं जानेवारीतली भरपाई केली. आंबेडाळ. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी, हिरवी मिरची, हिंगाची फोडणी. सोव्हिन्यॉनमधला जो ढोबळी मिरचीसारखा वास आहे, त्याच्यामागे पायराझिन गटातली द्रव्यं आहेत, आणि ढोबळी मिरचीतही तीच आहेत. कैरीच्या हिरव्या, कच्च्या वासाशेजारी हा वास असा बसतो की वाइन कुठे संपली आणि कैरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. डाळीत साखर चिमूटभरच घालावी. आमच्याकडे सासूबाई थोडी जास्त घालतात, तर मी माझ्यापुरती डाळ आधी काढून ठेवली. वर्षभरातली ही दुसऱ्या क्रमांकाची जोडी.

आमरसाबद्दल एका ओळीत: काहीही उघडू नका. लेट हार्वेस्टसुद्धा त्याच्यापुढे लिंबासारखी लागली. हापूस स्वतःच पुरेसा आहे.

जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा कोकणातल्या घरात सोडे आणि सुकट निघते. सोड्यांची खिचडी, वर खोबरं, बाजूला भाजलेला पापड. याच्यासोबत सुलाची झिन्फान्देल रोझे प्यायलो. गुलाबी वाइन म्हटली की ती सरबतासारखी असणार असा माझा समज होता. तसं नाही. थोडी गोडी आहे आणि तिखटाला नेमकी तीच लागते. सोड्यांचा खारट, उग्र वास ती दाबत नाही, त्याच्या कडेनं जाते. ऑक्टोबरात बांगडे आले तेव्हा तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यासोबतही हीच घेतली. तिरफळानं जीभ किंचित बधिर होते, त्यामुळे वाइनचे बारकावे जातात, पण गारवा आणि गोडी कामाला येते. सोलकढी असेल तर वाइन आधी, सोलकढी शेवटी. दोन्ही एकत्र नकोत. नारळाच्या दुधातला लसूण वाइनला खाऊन टाकतो.

आषाढात त्र्यंबक-पेठकडच्या बाया नाशिकच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसतात. वर्षातले हे पंधरा-वीस दिवस मी भाजीबाजारात रोज जाते. करटोली, फोडशी, टाकळा, कुर्डू. करटोली पातळ चकत्या करून, तेलावर कुरकुरीत परतून, नुसतं मीठ आणि थोडं खोबरं घातलं, की तिचा हलका कडवटपणा आणि सोव्हिन्यॉन ब्लाँ एकमेकांना छान धरून राहतात. फोडशीला मुगाची डाळ घालते, तिथे मात्र शेनिन. टाकळ्यासोबत दोन्ही वाइन चालल्या नाहीत, त्याचा वास फार मोठा आहे. शेवळांबद्दल मी अजून बोलणार नाही. काकडाच्या फळांसोबत ती नीट शिजवली तरच खाज जाते आणि चव कळते. पहिल्या खेपेला माझ्या हातून काकडं कमी पडली. घसा खवखवत असताना वाइनबद्दल काही लिहिणं बरोबर नाही.

मग श्रावण. पुढे गणपती, पितृपक्ष, नवरात्र. या काळात बाटली उघडली नाही, दसऱ्यानंतरच उघडली. मला याचा त्रास झाला नाही. उलट दोन-अडीच महिन्यांनी पहिला पेला नाकाशी नेल्यावर वास जास्त स्वच्छ कळला. रोज पिणाऱ्याला वाइन चाखता येत नाही असं माझं ठाम मत झालं आहे. दोघांत एक बाटली, दोन रात्री, प्रत्येकी एकेक-दीड पेला, याच्या पुढे आम्ही गेलो नाही.

दिवाळीत बुडबुड्यांची वाइन. शाँडाँ या फ्रेंच कंपनीचं काम दिंडोरीत 2013 मध्ये सुरू झालं. त्यांच्या ब्रूट या कोरड्या वाइनमध्ये शेनिन, शार्डोने आणि पिनो न्वार ही तीन द्राक्षं, आणि दुसऱ्यांदा आंबवणं बाटलीतच होतं, बुडबुडे तिथून येतात. फराळाच्या ताटात चकली, चिवडा, कडबोळी, सगळं तळलेलं, खारट, तेलकट. असल्या खाण्याला बुडबुडे आणि आंबटपणा हवाच असतो. भाजणीच्या चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, तो अजून कुरकुरतोय तोवर घोट घेतला. भाजलेल्या डाळीचा आणि धण्याचा वास, वाइनमधला ताज्या पावाचा वास. माझी जाऊ मालवणहून आली होती. तिनं वाइन आयुष्यात पहिल्यांदाच घेतली, आणि चकलीचा डबा मांडीवर घेऊन बसली. "वहिनी, हे तर सोडावॉटरपेक्षा बरं," एवढंच म्हणाली, आणि मला तेवढं पुरलं. बेसनाचा लाडू आणि शंकरपाळे मात्र या बाटलीपासून दूर ठेवावेत, गोडापुढे ती कोरडी ठणठणीत लागते. दुसऱ्या बाटल्यांच्या मानानं ही महाग पडते, म्हणून वर्षातून एकदाच, पण फराळासाठी ती घेणारच.

चातुर्मासात वांगं बंद असतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की आमच्याकडे वांगं परत सुरू होतं. जळगावकडची भरताची वांगी तोवर नाशिकला आलेली असतात: हिरवी, मोठी, बी कमी. या वांग्यांना भौगोलिक मानांकनही आहे, नाशिक व्हॅली वाइनला आहे तसंच. तुरखाट्यांवर भाजायची सोय फ्लॅटमध्ये नाही, गॅसवरच भाजते. पण गेल्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा वहिनीनं बांधावर भाजली आणि मी तो डबा भरून आणला. कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे, कच्चं तेल. शिराझ लावली, तर भरताचा धूर आणि ओकचा धूर एकावर एक चढून सगळं कडवट झालं. मग अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेजे. सोलापूर जिल्ह्यात मोहिते-पाटलांच्या घरानं, दिल्लीच्या सेखरी बंधूंनी आणि इटलीतल्या भावांनी मिळून ही वायनरी उभी केली. सांजोव्हेजे हे द्राक्षही इटलीचंच. अंगानं हलकी, आंबटपणा चांगला, तुरटपणा बेताचा. थोडी गार करून घेतली आणि भरीत खुललं. धूर वांग्याचा राहिला, वाइननं आलुबुखारासारखं फळ पुरवलं. कळण्याच्या भाकरीसोबत तर फारच. सोव्हिन्यॉनही चालली असती, पण डिसेंबरच्या रात्री मला लालच हवी होती.

वर्षाच्या वहीत पहिली जोडी शेनिन आणि अळूचं फदफदं, दुसरी सोव्हिन्यॉन आणि आंबेडाळ, तिसरी ब्रूट आणि चकली. सुलाची शेनिन साधारण हजाराच्या आसपास मिळते, बाटलीत पाच पेले होतात, आणि रोजच्या स्वयंपाकात एक रुपयाचाही जास्त खर्च करावा लागत नाही.

दादाचा काल फोन आला होता. निफाडात थंडी लवकर पडली आहे, रात्री शेकोट्या कराव्या लागतात. त्यानं विहिरीकडच्या तुकड्यात, जिथे अण्णांची शेनिन होती, तिथे बांधाला दोनशे काड्या लावायचा विचार केला आहे, घरच्यापुरत्या. अण्णांनी त्याला खुंट, म्हणजे कलमाखालचं मूळ, डॉगरिज जातीचाच घे म्हणून सांगितलंय. भोगीला जाते तेव्हा सोलाणे आणि बोरं तिथलीच आणीन.